शेवटी आलेल्याचा हक्क

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उद्यान खात्याने मला एक खोकं पाठवलं. आत आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं, काळं, चकचकीत. सोबत चार ओळींचा आदेश. हाउकिलम्पीच्या निवाऱ्याला हे महिनाअखेरपर्यंत बसवावं. खाली यार्क्कोची सही.

मी या खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटांवरच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या, संडास उपसले, वादळात आडवी झालेली झाडं कापली, पर्यटकांनी चुलीत कोंबलेले डबे हाताने बाहेर काढले. एकदाही नाही म्हटलं नाही. तो आदेश वाचला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

हाउकिलम्पीचा निवारा गाडीरस्त्यापासून अकरा किलोमीटर आत, तळ्याकाठी आहे. ओंडक्यांची एक खोली, एक लोखंडी चूल, सहा माणसं झोपतील एवढा फळ्यांचा ओटा. दाराला नुसती लाकडी कडी. कुणीही यावं, राहावं, जावं. गर्दी झाली तर नियम एकच, जो शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेला वाळलेला असतो, त्याचं खाणंपिणं झालेलं असतं, तेव्हा त्यानेच उठायचं आणि बाहेर तंबू ठोकायचा. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या हिवाळ्यात मी त्याच तळ्याच्या बर्फातून काखेपर्यंत खाली गेले होते. कशी बाहेर आले ते मला नीट आठवतही नाही. निवाऱ्यात नऊ माणसं होती, कुठली तरी मोजणीवाली टोळी. मी दारात उभी राहिले आणि ती नऊच्या नऊ उठली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कपडे काढायला त्यांनी पाठ फिरवली, मला चुलीपाशी झोपवलं आणि त्यातले तिघं बाहेर बर्फात झोपायला गेले. त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. त्या दिवशी त्या दाराला कुलूप असतं, तर खात्याला माझ्या जागी दुसरी बाई शोधावी लागली असती. म्हणून ते कुलूप माझ्या हातून बसणं शक्यच नव्हतं.

मी यार्क्कोला फोन लावला. यार्क्को ह्यूतिआ म्हणजे माझा साहेब. चौतीस वर्षांचा, शहरातल्या कार्यालयात बसणारा, स्वभावाने वाईट नाही. पण त्याला जंगल नकाशात जास्त कळायचं.

"राइली, पोचलं का खोकं?"

"पोचलं. परत पाठवतेय."

"खराब आहे का?"

"कुलूप चांगलं आहे. जागा चुकलीय त्याची."

तो मग समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "हे बघ, आता लोक घरबसल्या जागा राखून ठेवतील. पैसे भरले की फोनवर आकडा येईल. आकडा दाबला की दार उघडेल. सोपं आहे."

"तिथे फोन चालत नाही."

"रस्त्यावरून निघतानाच आकडा घेऊन निघायचं ना."

"आणि ज्याला आपण तिथे जाणार आहोत हेच माहीत नसतं, त्याने?"

"म्हणजे?"

"म्हणजे जो बुडतो, यार्क्को. जो वाट चुकतो. ज्याचा पाय मोडतो. तो काय घरून जागा राखून निघतो?"

"तू बसवणार नाहीस का?"

"नाही. दुसऱ्या कुणी बसवलं तर मी काढेन."

"हे मला लेखी लागेल." त्याला वाटलं, मी आता नरमेन. मी त्याच संध्याकाळी कागद लिहिला, खाली ठळक सही केली आणि खोक्यात कुलपावर ठेवून पाठवून दिला.

चार दिवसांनी त्याचा निरोप आला. गुरुवारी मी स्वतः येतो आणि स्वतः बसवतो.

शनिवारी गावच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आम्ही बायका बसलो होतो. मार्युक्का, जी गावातलं एकमेव दुकान चालवते, वरच्या फळीवर घाम पुसत बसली होती. मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. मी म्हणाले, मी दारात आडवी पडेन.

"पड की," मार्युक्का म्हणाली. "म्हणजे तुला उचलून बाजूला ठेवेल आणि कुलूप बसवेल. एकसष्ट वर्षांची बाई, दोन माणसांचं काम नाही ते."

"मग काय करू? पेढे वाटू?"

"तो किती वाजता पोचेल तिथे?"

"अकरा."

तिने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ आली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. वाफेतूनच तिचा आवाज आला. "मग साडेअकराला मी येते. जंगल सगळ्यांचं आहे. मला काय, गुरुवारी फिरायला जावंसं वाटू शकत नाही?"

खालच्या फळीवरून कुणीतरी म्हणालं, "मला बाराला वाटेल."

"मला साडेबाराला," आणखी एक जण म्हणाली. मग हसू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही.

गुरुवारी मी सकाळी आठलाच निवाऱ्यावर गेले. लाकडं फोडली, चूल पेटवली, कॉफीचं भांडं ठेवलं. अकराच्या सुमाराला यार्क्को आला. पाठीवर पिशवी, हातात छिद्रं पाडायच्या यंत्राची पेटी. आकाश खाली आलं होतं आणि वारा ईशान्येचा होता, पण त्याच्या अंगात शहरातल्या दुकानातलं पातळ जाकीट होतं.

"भांडायला आलीयेस?" त्याने विचारलं.

"लाकडं फोडायला. माझी आजची कामाची पाळी आहे. कॉफी घे."

त्याने कॉफी घेतली, आभार मानले आणि दार मोजायला लागला. पेन्सिलीने खूण केली. यंत्र हातात घेतलं. तेवढ्यात फळ्यांच्या वाटेवर पावलं वाजली आणि ताइस्तो आला. एक्क्याऐंशी वर्षांचा, जन्मभर त्या तळ्यात मासे धरलेला, तोंडाचा फाटका.

"बाजूला हो पोरा, म्हाताऱ्याला आत येऊ दे," तो म्हणाला. आत येऊन त्याने बूट काढले आणि बारकाईने कुलूप पाहिलं. "हे कुणासाठी? अस्वलासाठी? अस्वल आकडे नाही दाबत बाबा. ते भिंत काढतं."

यार्क्को कसनुसा हसला. त्याने पुन्हा यंत्र उचललं. साडेअकराला मार्युक्का आली, पाठोपाठ तिचा नवरा. दार बंद करून, स्थिर धरून भोक पाडायला यार्क्कोला दहा मिनिटं हवी होती. ती दहा मिनिटं त्याला मिळेनात. यंत्र लावलं की कुणीतरी यायचं. प्रत्येकाला नमस्कार करावा लागायचा, दार उघडावं लागायचं, सरकून जागा द्यावी लागायची. शाळेतली बाई आली. तिच्यामागून टपाल वाटणारा आला. लाकडाच्या गिरणीतले दोघे भाऊ आले, जे एकमेकांशी सहा वर्षं बोलत नव्हते. ते वीस मिनिटांच्या अंतराने आले आणि ओट्याच्या दोन टोकांना बसले.

एक वाजता बर्फाळ पाऊस सुरू झाला. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. आता येणारा प्रत्येक जण खरोखरच भिजून यायला लागला. आत माणसांची आणि ओल्या लोकरीची ऊब दाटली. कुणी सॉसेज भाजायला घेतले, कुणी राईचा पाव कापला. यार्क्को दाराशी, हातात यंत्र घेऊन, सगळ्यांच्या पाठींमध्ये चेपून उभा होता.

दोनच्या सुमाराला मार्युक्काची बहीण आली आणि तिला आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी उठले. माझी पिशवी उचलली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सगळ्यांत आधी मी आले होते. माझी वेळ झाली." आणि बाहेर वळचणीला जाऊन उभी राहिले. मला ते करायचंच होतं. दुसऱ्याला नियम सांगायचा आणि आपण चुलीपाशी बसायचं, असली माणसं मला आवडत नाहीत.

पाच मिनिटांनी आणखी एक जण आला. आतून ताइस्तोचा आवाज ऐकू आला. "माझ्याआधी कोण आलं होतं रे?"

मग यार्क्को म्हणाला, "मी कामावर आहे. मी मुक्कामाला आलेलो नाही."

"भिंतीवरचा फलक वाच की. तुझ्याच खात्याचा आहे, शिक्क्यासकट."

तो पत्र्याचा फलक मीच ठोकला होता, पंधरा वर्षांपूर्वी, खात्याच्याच आदेशावरून. शेवटी आलेल्याचा हक्क पहिला, आपलं स्वागत आहे. यार्क्को वाचत असणार. मग दार उघडलं आणि तो बाहेर आला, यंत्राच्या पेटीसकट. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

आम्ही दोघं वळचणीखाली उभे राहिलो. पागोळ्या आमच्या बुटांच्या टोकांवर पडत होत्या.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "अख्खं गाव गोळा करून माझी फजिती केलीस."

"गाव आपल्या पायाने आलं."

"तुला काय वाटतं, मला हौस आहे?" आता त्याचा आवाज फुटला. "या उद्यानात नऊ उघडे निवारे आहेत. वरून सांगितलंय, चारच ठेवा. बाकीच्यांनी पैसे मिळवावेत, नाहीतर ते पाडा. हा पाडायच्या यादीत होता, राइली. मी भांडून कुलपाच्या यादीत घातला. मी वाचवलाय हा!"

हे मला माहीत नव्हतं. त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण राग त्याहून मोठा होता.

"तू भिंती वाचवल्यास," मी म्हणाले. "दार बंद झाल्यावर भिंतींचं काय लोणचं घालायचंय? तळ्याकाठी माणूस मरून पडेल, आणि मागे भिंती शाबूत असतील."

"म्हणजे पाडलेला चालेल तुला?"

"पाडलेला दिसतो तरी. इथे काही नाही हे माणसाला कळतं, तो पुढे चालायला लागतो. कुलूपवाला लांबून फसवतो. माणूस उरलीसुरली ताकद खर्चून दारापर्यंत येतो, यार्क्को."

त्याने पेटी वळचणीखाली ठेवली, पिशवी खांद्यावर टाकली आणि पावसात निघाला.

"अरे, अकरा किलोमीटर आहे. फळ्या निसरड्या झाल्यात. आत जा, दार वाजवायचीही गरज नाही."

"मला नकोय तुमची जागा," तो न वळता म्हणाला.

आतून हसण्याचा आवाज आला, कुणीतरी गाणं सुरू केलं. मी निवाऱ्याशेजारच्या लाकूडघरात जाऊन बसले. पहिली पंधरा मिनिटं मला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. पाऊस तिरका झाला, त्यात बर्फ वाढला. पातळ जाकीट घातलेला एक मुलगा दलदलीवरच्या अर्ध्या फुटाच्या फळ्यांवरून रागात भराभर चालत होता आणि त्याला बाहेर काढणाऱ्यांत मी पहिली होते. कुलूप जे करणार, तेच आम्ही आज आपल्या हातांनी केलं की काय? नियम आम्ही पाळला होता, पण पाळताना आम्ही दात विचकत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

चार वाजता मला बसवेना. मी खुंटीवरचा दोर घेतला आणि वाटेला लागले. पहिल्या वळणावर तो दिसला. कमरेपर्यंत काळ्या चिखलाने माखलेला, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. ओठ निळे पडले होते. तो मला बघून थांबला नाही, मान खाली घालून माझ्या बाजूने गेला. मी मागून चालले. तो दारापाशी पोचला आणि त्याने दार ठोठावलं.

उघड्या निवाऱ्याचं दार कुणी ठोठावत नाही. आतलं गाणं एकदम थांबलं.

दार ताइस्तोने उघडलं. यार्क्को काहीतरी बोलायला गेला, पण त्याचे दात वाजत होते. त्याने फक्त हात वर केला, जसा शाळेत मूल करतं.

"ठोठावतोस काय?" ताइस्तो म्हणाला. मग मागे वळून त्याने हाळी दिली, "उठा रे सगळे, माणूस आलाय!"

सगळे उठले. ओट्यावरचे, जमिनीवरचे, गिरणीवाले दोघे भाऊसुद्धा. ते आपले तंबू घेऊन बाहेर पडले आणि त्या गडबडीत एका भावाने दुसऱ्याला म्हटलं, "ती खुंटी धर." सहा वर्षांनी. मार्युक्काने यार्क्कोचे कपडे ओरबाडून काढले, आपल्या नवऱ्याचा स्वेटर चढवला, चुलीपाशी बसवला. शाळेतली बाई त्याचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत राहिली. कुणी कुलपाचा शब्द काढला नाही.

"फोन कुठेय तुझा?" मार्युक्काने विचारलं. "घरी कळवायचं असेल तर टेकडीवरून लागतो."

"दलदलीत गेला," यार्क्को म्हणाला.

ताइस्तोने तोंड उघडलं होतं, पण मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते पुन्हा मिटलं. त्याच्या आयुष्यात असं दोनदाच झालं असेल.

सकाळी आकाश निवळलं होतं. यार्क्को मार्युक्काच्या नवऱ्याच्या स्वेटरमध्ये आणि टपालवाल्याच्या जादा बुटांत बाहेर आला. त्याने वळचणीखालची पेटी उचलली.

"मी खरं तेच लिहिणार आहे," तो मला म्हणाला. "कुलूप बसलं नाही. तू नकार दिलास. हे लिहावं लागेल मला."

"लिही."

"आणि मी ते पुन्हा आणणार नाही, हेही लिहिणार आहे. त्यामुळे फरक पडेल असं समजू नकोस. हा पुन्हा पाडायच्या यादीत जाईल."

"जाऊ दे."

"तुझी नोकरी जाईल, राइली. सात महिने राहिलेत तुझे."

"मला मोजता येतं," मी म्हणाले. मग वाटलं, काल चिखलात कुडकुडलेल्या माणसाशी हे फारच तुटक झालं. म्हणून त्याला फळ्यांच्या वाटेपर्यंत पोचवायला गेले. तिसरी फळी डावीकडे कलते, ते दाखवलं. ती बदलायला मी खात्याकडे लाकूड मागितलं होतं, तेही सांगितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी मला शहरातल्या कार्यालयात बोलावलं. आदेश न पाळणे, इतरांना चिथावणे, वगैरे. सगळं खरं होतं. नोकरीवरून काढल्याच्या कागदावर मी सही केली. मग खालच्या मजल्यावर किल्ल्या जमा करायला गेले. काचेमागे एक तरुण बाई होती, नखं रंगवलेली, बोलायला गोड. तिने यादी काढली आणि मी एकेक किल्ली काउंटरवर ठेवत गेले. गाडीची, कोठाराची, बोटीच्या साखळीची, उत्तरेकडच्या फाटकाची. एकतीस वर्षं कमरेला लोंबलेलं ते ओझं हलकं होत गेलं आणि मला रडू येईल अशी भीती वाटली. आलं नाही.

"आणखी एक राहिली," ती म्हणाली. "हाउकिलम्पी. कुलूप बिघडलं तर उघडायची जादा किल्ली."

"त्या निवाऱ्याला किल्ली नाही."

"यादीत आहे ना पण."

"यादीत असेल. दाराला नाही."

ती गोंधळली. पडद्यावर बघितलं, कागदावर बघितलं. "मग मी काय लिहू? ही ओळ भरल्याशिवाय तुमचा कागद पुढे जात नाही."

"दे इकडे." मी तिचं पेन घेतलं. ती ओळ खोडली, शेजारी लिहिलं, दार उघडं आहे, आणि खाली माझं नाव घातलं. ते नाव आता खात्यात कुणाचंच नव्हतं.

तिने ते वाचलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "पण तो तर वसंतात पाडणार आहेत म्हणे. माणसं ठरलीयेत."

"कळलंय मला."

"मग?"

"मग काय? आम्ही गावात पाळ्या लावल्यात. रोज कुणीतरी तिथे असतं. पाडायला येतील तेही अकरा किलोमीटर चालूनच येतील, बर्फ वितळायच्या दिवसांत, भिजलेले." मी टोपी घातली. "त्यांना सांग, ठोठावत बसू नका. सरळ आत या. आम्ही उठू."